भेकर : वर्गीकरण आणि उत्पत्ती

भेकर हे समखुरी गणातील सर्व्हिडी, म्हणजे मृग कुलातले लहान अंगाचे हरीण. त्याच्या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नाव म्युंटिॲकस. भारतातल्या भेकराला बहुतेक ग्रंथांत म्युंटिॲकस व्हॅजिनॅलिस म्हटले जाते. जुन्या पुस्तकांत तेच म्युंटिॲकस मुंटजॅक या नावाखाली सापडते. खांद्याशी उंची ५० ते ७५ सेंमी., वजन साधारण २० ते २८ किलो, रंग तांबूस तपकिरी. इंग्रजीतला ‘मुंटजॅक’ हा शब्द जावा बेटावरच्या सुंदा भाषेतून डच लोकांमार्फत पुढे गेला.

कोकणात भेकर दिसण्याआधी ऐकू येते. दिवेलागणीला काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला, जिथे कंपाउंडचा गडगा संपून करवंदीच्या जाळ्या सुरू होतात, तिथून एकच खणखणीत भुंकणे येते. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा तसेच. नवख्या माणसाला वाटते, कुणाचा तरी कुत्रा रानात अडकला. गावातला माणूस मात्र हातातले काम थांबवून ऐकतो, कारण बिबट्याचा माग लागला की भेकर असे कितीतरी वेळ ओरडत राहते. ‘भेकाड पसरणे’ या आपल्या शब्दप्रयोगाशी नावाचे नाते असावे असे कानाला तरी वाटते. फणसाड अभयारण्यात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, चांदोली-कोयनेच्या रानात, आंबोलीपासून तिलारीपर्यंतच्या घाटउतारांवर भेकर आहे, आणि अनेक ठिकाणी गावाच्या राखीव रानात नि देवराईतही आहे.

गावातले वर्गीकरण आवाजावर आणि आकारावर चालते: मोठे ते सांबर, भुंकते ते भेकर, सशाएवढी ती पिसोरी. रानात वावरायला एवढे पुरते. पण नात्यागोत्याचा प्रश्न विचारला की ही उतरंड कोसळते, आणि ती कशी कोसळते हे पाहण्यासारखे आहे.

आधी शब्दांचा गुंता सोडवायला हवा. मराठीत ‘हरीण’ म्हटले की काळवीटही आले आणि चितळही. ‘शिंग’ हा शब्दही आपण दोघांसाठी वापरतो. प्राणिशास्त्रात मात्र ही दोन वेगळी कुले आहेत. काळवीट आणि चौशिंगा गाय-बकरीच्या कुलातले. त्यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले नखासारख्या द्रव्याचे आवरण. ते आयुष्यभर टिकते, गळत नाही. सांबर, चितळ, भेकर यांच्या डोक्यावर असते ते मृगशिंग. ते सगळे हाडच असते. वाढताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते, पूर्ण वाढल्यावर ती सुकून झडते, आणि पुढे शिंगही गळून पडते. दरवर्षी एवढे हाड नव्याने उभे करणारा दुसरा सस्तन प्राणी नाही.

आता पिसोरी. ती हरीण नाही. तिचे कुल ट्रॅग्युलिडी, नाव मोशिओला इंडिका. पूर्वी श्रीलंका आणि भारत मिळून एकच जाती मानत. २००५ मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज आणि एरिक मायार्ड यांनी भारतातली पिसोरी वेगळी काढली. तिला कसलेच शिंग नसते, नराला सुळे असतात, आणि रवंथ करणाऱ्यांच्या पोटात जे चार कप्पे असतात त्यातला तिसरा तिच्यात नीट घडलेलाच नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या वंशवृक्षात ही सर्वांत आधी फुटलेली फांदी आहे. याचा अर्थ असा की भेकर आणि गोठ्यातली गाय यांचे नाते भेकर आणि पिसोरी यांच्यापेक्षा जवळचे आहे. फणसाडला एकाच पाणवठ्यावर दोघांच्या खुणा मिळतात म्हणून हे पटायला जड जाते, पण ते खरे आहे.

सर्व्हिडी कुलाचे दोन मोठे भाग पडतात, आणि ते प्रथम शिंगांवरून नव्हे तर पायावरून पाडले गेले. व्हिक्टर ब्रुक यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले की हरणाच्या पुढच्या पायातली दोन बाजूंची हाडे झिजत आली आहेत, पण सगळ्यांत सारखी झिजलेली नाहीत. एका गटात त्यांचे वरचे टोक, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याजवळचे, शिल्लक राहिले. दुसऱ्या गटात खालचे टोक, खुराजवळचे. पहिल्या गटात सांबर, चितळ, बारशिंगा, युरोपातले तांबडे हरीण आणि भेकर येतात. दुसऱ्यात रेनडिअर, मूस, रो हरीण आणि अमेरिकेतली बहुतेक हरणे. शंभराहून जास्त वर्षांनी डीएनए वाचता आला तेव्हा हीच विभागणी बाहेर आली. झिजलेल्या दोन काड्यांवरून केलेला तर्क इतका काळ टिकावा, हे मला या सगळ्या विषयातले फार सुंदर प्रकरण वाटते.

भेकराच्या बाबतीत मात्र शरीररचनेने अभ्यासकांना बराच काळ चकवले. नराची कवटी हातात घेतली की पहिल्यांदा नजर जाते ती शिंगांखालच्या खुंटांवर. सांबराच्या कवटीत हे खुंट आखूड असतात. भेकराचे लांब, केसाळ कातडीने झाकलेले, आणि ते कपाळावरून खाली डोळ्यांमधून नाकाकडे दोन कड्यांसारखे उतरत जातात. जिवंत नराच्या तोंडावर या कड्यांवरून काळ्या रेघा दिसतात, त्यांचा इंग्रजी ‘व्ही’ होतो. वर शिंग म्हणाल तर छोटेसे, बुडाशी एक फाटा, टोक आत वळलेले, बस. आणि वरच्या जबड्यात दोन सुळे, ओठाबाहेर डोकावणारे. नर भांडताना शिंगांनी दुसऱ्याला ढकलून तोल घालवतात आणि जखम करतात ती सुळ्यांनी. मादीच्या कपाळावर शिंगांच्या जागी नुसते केसांचे झुपके असतात.

लांब खुंट, साधे शिंग, सुळे हेच सगळे जुन्या जीवाश्मांत दिसते. फ्रान्समधल्या सांसां येथून १८३७ मध्ये एदुआर लार्ते यांनी वर्णन केलेला डायक्रोसेरस, किंवा त्याहून जुना प्रोसर्व्ह्युलस, ही मायोसीन कालखंडातली, म्हणजे दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची हरणे अशीच होती. साहजिकच भेकर म्हणजे जिवंत राहिलेला पूर्वज, अशी समजूत रुजली आणि त्याला स्वतंत्र उपकुल देण्यात आले. अनेक पुस्तकांत अजून ‘आदिम हरीण’ असेच वाचायला मिळते.

डीएनएने हे चित्र बदलले. क्लेमां जिल्बेर, आन रोपिके आणि अलेक्सांद्र असानॅं यांनी २००६ मध्ये मांडलेल्या वंशवृक्षात भेकर मुळाशी नाही; सांबर-चितळांच्या शाखेची ती सख्खी बहीण आहे, दोघी एकाच उपकुलात. भेकराच्या शाखेत त्याच्याशिवाय एकच प्रजाती उरते: चीनमधले एलाफोडस, कपाळावर केसांचा झुपका असलेले. याच अभ्यासाने आणखी एक गैरसमज दूर केला. चीन-कोरियातल्या पाणहरणाला शिंगे नसतात, मोठे सुळे असतात, म्हणून तेच सर्वांत जुने असे धरले जात होते. प्रत्यक्षात ते रो हरणाच्या जवळचे निघाले, म्हणजे त्याच्या पूर्वजांना शिंगे होती आणि ती नंतर गेली. कस्तुरीमृग तर मृग कुलातही राहिला नाही. तो आता गाय-बकरीच्या कुलाजवळ बसतो. साधे दिसणे आणि जुने असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाट झाडीत वाकून शिरणाऱ्या प्राण्याला फाट्याफाट्यांची मोठी शिंगे अडचणीची ठरली असती. भेकराचा साधेपणा त्याच्या राहणीला साजेसा आहे.

‘आदिम’ या शब्दाला सर्वांत मोठा धक्का दिला तो गुणसूत्रांनी, म्हणजे पेशीतला डीएनए ज्या तुकड्यांत बांधलेला असतो त्यांनी. १९७० मध्ये डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्शके यांनी भारतीय भेकराच्या पेशी तपासल्या तेव्हा मादीत ६ आणि नरात ७ गुणसूत्रे आढळली. माणसात ती ४६ असतात. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या कुणाची नाही. त्याच दोघांनी त्याआधी चीनमधल्या रीव्हज भेकराची मोजली होती, ती ४६ भरली. दिसायला जवळजवळ सारखे, एकाच प्रजातीतले, आणि हा फरक.

द्रव्य नाहीसे झालेले नाही. सुंभ वळताना काथ्याचे आखूड आखूड पदर टोकाला टोक लावून एक लांब दोर होतो. काथ्या तेवढाच, तुकडे कमी. भेकराच्या गुणसूत्रांचे तसेच झाले. मृग कुलाच्या मूळ पूर्वजात ७० गुणसूत्रे असावीत असा अंदाज आहे. ती भेकराच्या वंशात एकापुढे एक जुळत गेली. जुळलेल्या जागी जुन्या टोकांच्या खुणा आजही सापडतात. नराचे सातवे गुणसूत्र कुठून आले, तर एक्स आणि वाय या लिंगगुणसूत्रांपैकी एक्स एका साध्या गुणसूत्राला चिकटले. नरात त्या साध्याचा जोडीदार मोकळा राहतो आणि वाय वेगळे, म्हणून एक जास्त. चीनमधल्या काळ्या भेकरात मादीची ८ आणि नराची ९ आहेत. म्हणजे ही जुळणी एकाच जातीपुरती नाही, सगळ्या प्रजातीत वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेली दिसते. भारतीय आणि रीव्हज भेकरांचा संकर प्राणिसंग्रहात जगतो, पण त्याला पुढे संतती होत नाही. उत्क्रांतीच्या मानाने थोड्या अवधीत एवढी उलथापालथ करणारा प्राणी ‘आदिम’ कसा म्हणावा?

प्रजातीतल्या जाती किती, यावर एकमत नाही. साधारण डझनभर धरतात. त्यातल्या काही अगदी अलीकडे विज्ञानाला कळल्या. व्हिएतनाममधल्या वू क्वांगचे महाभेकर १९९४ मध्ये, तर म्यानमारमधल्या पुताओचे पर्णभेकर, जेमतेम बारा किलोचे, १९९९ मध्ये. दोन्ही स्थानिक शिकाऱ्यांना आधीपासून माहीत होती.

आपल्या भेकराचा प्रश्न इथेच येतो. दक्षिण भारतातल्या भेकरांना वेगळे मानावे असे रिचर्ड लिडेकर यांना १९१५ मध्येच वाटले होते, त्यांनी ‘मलबारिकस’ हे नाव दिले. ते बराच काळ पडून राहिले. २०१७ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांसह आशियाभरच्या तांबड्या भेकरांचा मायटोकाँड्रियल डीएनए तपासला गेला आणि तीन वंश हाती आले: एक सुमात्रा-जावा-बोर्निओकडचा, एक उत्तर भारतापासून इंडोचीनपर्यंतचा, आणि तिसरा फक्त पश्चिम घाट आणि श्रीलंका इथला. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडूनच येतो, म्हणून एवढ्यावर नवी जाती जाहीर करणे घाईचे होईल. संकटातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत भारतीय भेकर अजून एकाच नावाखाली आहे. पण घाट आणि श्रीलंका एकत्र आणि मध्य भारत वेगळा, ही विभागणी नकाशावर ठेवली की तिला अर्थ येतो. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा श्रीलंका जमिनीने जोडली जात होती, आणि कोरड्या काळात ओलसर रान टिकले ते घाटाच्या आश्रयाने.

भेकर या किनाऱ्यावर कधी आले, याचा पुरावा कोकणच्या खडकात शोधून मिळणार नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तेव्हा हरणे जन्मालाच आली नव्हती. त्यावर तयार झालेला जांभा आणि आंबट लाल माती हाडे टिकू देत नाही. चार पावसाळ्यांत शिंगही भुगा होते. म्हणून पुरावे दूरचे आहेत. म्युंटिॲकस प्रजातीचे सर्वांत जुने जीवाश्म चीनच्या युन्नान प्रांतातून, मायोसीनच्या अखेरच्या काळातले, ७० लाख वर्षांच्या पलीकडचे मिळाले आहेत. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक थरांत पिसोरीचे नातलग खालपासून मुबलक सापडतात, मृग कुलाची हाडे मात्र वरच्या, नंतरच्या थरांतच येतात. म्हणजे या देशात पिसोरीचे घराणे जुने आणि भेकर-सांबराचे पूर्वेकडून आलेले. भेकर पूर्वेकडून घाटापर्यंत कोणत्या वाटेने आले यासाठी मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांची १९४९ ची सातपुडा-मार्गाची कल्पना, म्हणजे सातपुड्याच्या एकेकाळच्या सलग ओल्या पट्ट्यातून पूर्वेकडचे प्राणी घाटात पोचले ही, कधी कधी सांगितली जाते. ती मुळात डोंगरी ओढ्यांतल्या माशांसाठी होती. भेकर आजही मेळघाटसारख्या कोरड्या पानगळी रानात राहते, त्यामुळे त्याला सलग सदाहरित पट्ट्याची गरज पडली असेल असे मला वाटत नाही.

भेकर एकटे राहते किंवा जोडीने. कोवळा पाला, उंबर, पडलेले आवळे खाते. साधारण सात महिन्यांनी एकच पाडस होते, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ते लवकर जातात. डोळ्यांखालच्या गंधग्रंथी ते हवे तेव्हा उघडते आणि पाना-दगडांवर वास सोडत जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे, तरी फासकी आणि रात्रीची बॅटरी यांनी कोकणात भेकर अजून मरते. वणवे लावून सडे, म्हणजे गवताळ कातळमाळ, जाळले की उन्हाळ्यात त्याचा चाराही जातो.

पावसाळा सरता सरता व्हाळाच्या काठच्या मऊ चिखलात भेकराचा पाय खोल रुततो. पुढे दोन टोकदार खूर आणि मागे दोन बारीक टिंबे उमटतात. ती टिंबे बाजूच्या खुऱ्यांची. वर पायातल्या हाडाशी त्यांचा सांधा नसतो, कारण भेकराच्या गटात त्या हाडाचे फक्त वरचे टोक उरले आहे.