सामाईक शेतवाट

सामाईक शेतवाट : एका शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीतून किंवा तिच्या बांधावरून जाणारी आणि पलीकडच्या शेतांना मोठ्या रस्त्याशी जोडणारी वाट. वाटेखालची जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहते. पलीकडच्यांना हक्क असतो तो फक्त ये-जा करण्याचा. कायद्याच्या मराठीत याला ‘सुविधाधिकार’ म्हणतात. गावात आणि तहसील कचेरीतल्या अर्जांत मात्र ‘वहिवाट’ हाच शब्द चालतो.

पाणंद (विदर्भात पांदण) आणि शिवरस्ता ही गावाच्या सामाईक वापरातली वाट. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी १६.५ ते २१ फूट आणि पायमार्गाची ८.२५ फूट धरली जाते. हे आकडे जुन्या मोजणीशी जुळतात : शंकू साखळी ३३ फुटांची, तिचा अर्धा भाग १६.५ फूट आणि चौथाई ८.२५ फूट. पण एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारी वाट बहुतेक वेळा नकाशावर नसतेच. शेजारधर्माने सुरू झालेली, बैलांच्या पायांनी पडलेली ही वाट कागदावर कुठेच दिसत नाही, आणि बहुतेक भांडणे तिच्यावरूनच होतात.

अशा वाटा मुख्यतः वाटणीतून जन्मतात. बापाच्या हयातीत दहा एकरांचे एकच रान असते, वाटेचा प्रश्न येत नाही. तीन भावांत वाटणी झाली की रस्त्याकडेचा तुकडा थोरल्याला आणि आतला धाकट्याला जातो, आणि धाकट्याची बैलगाडी थोरल्याच्या रानातून जाऊ लागते. वाटणीपत्रात क्षेत्र आणेवारीसकट लिहिलेले असते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही लिहिलेल्या असतात, पण वाटेचे एक वाक्य राहून जाते. भाऊ असेतो ते खपते. पुढच्या पिढीत चुलतभाऊ येतात, किंवा तुकडा तिऱ्हाइताला विकला जातो, आणि बांधावर काटेरी फांद्या पडतात.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये या हक्काचा पाया आहे. १८९१ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्याला लागू झाला. हक्क व्यक्तीचा नसून जमिनीचा असतो, ही त्यातली मूळ कल्पना. शेत विकले की वाटेचा हक्क खरेदीदाराकडे आपोआप जातो. आतल्या शेताचे पुन्हा तुकडे झाले तर प्रत्येक तुकड्याला तो मिळतो, मात्र वाट देणाऱ्यावरचा बोजा त्यामुळे फारसा वाढता कामा नये.

हक्क मिळण्याचे मार्ग तीन-चार आहेत. खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात तो स्पष्ट लिहून देता येतो, आणि हाच सर्वांत भक्कम. वाटणीनंतर किंवा विक्रीनंतर एखाद्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नसेल, तर कलम १३ प्रमाणे गरजेपोटी हक्क मिळतो. पुढे दुसरी वाट झाली की तो संपतो. तिसरा मार्ग प्रदीर्घ वहिवाटीचा. कलम १५ नुसार वाट सलग २० वर्षे, शांतपणे, उघडपणे आणि आपला हक्क आहे असे समजून वापरलेली असावी लागते. जमीन सरकारी असेल तर ही मुदत ३० वर्षांची. ‘हक्क म्हणून’ हे शब्द इथे फार मोलाचे आहेत. “दादा, यंदा तुमच्या रानातून गाडी नेऊ का?” असे दर हंगामात विचारून चाळीस वर्षे नेलेली गाडी ही परवानगीच ठरते, हक्क ठरत नाही, आणि परवानगी काढून घेता येते. चांगुलपणाने विचारणाऱ्याचेच इथे नुकसान होते, ही या कायद्याची बोचणारी बाजू आहे. उलट वाट देणाऱ्यालाही धास्ती असते : आज उदारपणे जाऊ दिले तर उद्या तो हक्क सांगेल. त्यामुळे भला माणूसही वाट द्यायला कचरतो. दोघांनी मिळून एका कागदावर ‘ही वाट परवानगीने’ किंवा ‘ही वाट हक्काने’ एवढे लिहिले, तरी दोघांची भीती संपते.

वापरणाऱ्याने मालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने हक्क बजावायचा असतो (कलम २२). वाटेवर तिच्या दोन्हीपैकी एका टोकाकडूनच शिरावे, मधूनच नव्हे, असे उदाहरण कायद्यातच दिले आहे. मालकाला हवे असेल तर ठरावीक पट्ट्यापुरतीच वाट मर्यादित ठेवण्याची मागणी तो करू शकतो. एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही; पायी जाण्याच्या हक्काने गाडी नेता येत नाही. आज हाच मुद्दा सर्वांत कळीचा झाला आहे. आजोबांच्या काळातली वाट बैलगाडीपुरती होती. आता ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, गाळपाच्या हंगामात उसाने भरलेले ट्रक येतात, मळणी यंत्र येते. वाट तीच असली तरी चाकोरीची रुंदी आणि जमिनीवरचा भार पार बदलला आहे. आतल्या शेतकऱ्याचा ऊस तोडून पडला असेल तर त्याला थांबता येत नाही, आणि कडेच्या शेतकऱ्याचे उभे पीक चाकाखाली जात असेल तर त्यालाही गप्प बसता येत नाही.

दुरुस्तीचा खर्च वापरणाऱ्याने करायचा असतो, हे पुष्कळांना माहीत नसते. वाट खचली, तिच्यावर झाड पडले, तर शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन ती दुरुस्त करण्याचा, झाड बाजूला करण्याचा त्याला अधिकार आहे; त्यात शेजाऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारीही त्याचीच. वाट देणाऱ्यावर काहीही करण्याचे बंधन नाही, फक्त अडवायचे नाही. बाकी ती जमीन तो हवी तशी वापरू शकतो. त्याने वाट नांगरून किंवा चर खोदून जाण्याजोगी ठेवली नाही, तर वापरणाऱ्याला लगतच्या त्याच्याच जमिनीतून वाजवी वळसा घेऊन जाता येते. पण मालकाने मुद्दाम घातलेला अडथळा स्वतःच्या हाताने काढायला कलम ३६ मनाई करते. वाऱ्याने पडलेले झाड काढता येते, शेजाऱ्याने घातलेले कुंपण नाही. बांधावरची कुऱ्हाडीपर्यंत जाणारी भांडणे पाहिली की या कलमामागचा शहाणपणा पटतो.

अडलेल्या वाटेसाठी महाराष्ट्रात दोन वेगळे दरवाजे आहेत. पूर्वापार वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जायचे; अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाट नव्याने हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. या कलमाखाली वाट मिळते ती सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून; कोणाच्या रानाच्या मधोमध नाही. निर्णय देताना शेतकऱ्याला शेतात जाण्याची वाजवी गरज तहसीलदाराने पाहायची असते. निर्णय मान्य नसलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो. चुकीच्या कलमाखाली किंवा मुदत उलटल्यावर अर्ज दिल्याने खरी वाट असूनही हरणारे असतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

वहिवाटीने मिळालेला हक्क २० वर्षे वापरला नाही तर बुडतो. दोन्ही जमिनी एकाच मालकाकडे पूर्णपणे आल्या तरी तो संपतो, कारण स्वतःच्याच जमिनीवर कोणाला वहिवाट लागत नाही.

शेतरस्त्यांच्या मातीकामाला व खडीकरणाला हातभार लागावा म्हणून राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी असे ठरले. रुंदीपेक्षा ही नोंद अधिक महत्त्वाची आहे. जमीन घेणारा माणूस सातबारा पाहतो. त्यावर वाट दिसली की तो ती जाणूनच जमीन घेतो, आणि आतल्या शेतकऱ्याला नव्या मालकापुढे वीस वर्षांचे साक्षीदार उभे करावे लागत नाहीत.