‘सौजन्य’ म्हणजे देणगी की प्रायोजकत्व?

आमच्या कोल्हापुरात पेठेतल्या पोरांच्या फुटबॉल संघासाठी मिसळ महोत्सव ठरला की आधी फ्लेक्स तयार होतो. वर मंडळाचं नाव, मधे चौदा वर्षांखालच्या संघाचा फोटो आणि खाली ‘सौजन्य’ लिहून सात-आठ नावं. त्यातल्या कुणी बुटांचे पैसे दिलेले असतात, कुणी मटकी आणि फरसाण पाठवलेलं असतं, कुणी दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून रक्कम दिलेली असते. सगळे एकाच शब्दाखाली. संघाचा हिशेब सांभाळणाऱ्याला हा शब्द महागात पडतो, कारण त्याच्या पोटात दोन वेगळे व्यवहार आहेत: देणगी आणि प्रायोजकत्व.

पैसे देणाऱ्याला त्याबदल्यात काही मागायचा हक्क आहे का, एवढंच विचारायचं. नसेल तर देणगी. असेल, म्हणजे जर्सीवर नाव, गोलपोस्टमागे बोर्ड, माईकवरून घोषणा असं काही कबूल केलेलं असेल, तर ते प्रायोजकत्व. रक्कम किती, चेक की यूपीआय, देणारा ओळखीचा की परका, यातल्या कशानेही फरक पडत नाही.

हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानदारांनी पंचवीस हजार दिले. आम्ही घाईत देणगीची पावती फाडली. सामन्याच्या सकाळी ते मैदानावर आले, चारी बाजूंनी नजर फिरवली आणि म्हणाले, “पावती दिलीसा, पण माझा बोर्ड कुठं हाय?” त्यांच्याशी बोलणी करणाऱ्याने बोर्डाचा शब्द दिला होता, मला पत्ताच नव्हता. त्याच हंगामात उलटं घडलं. एका काकांनी वडिलांच्या आठवणीत सरावाची नेट आणि बॉल दिले. उत्साहाच्या भरात आमच्या पोरांनी त्यांच्या दुकानाचं नाव, फोन नंबरासकट, जर्सीच्या पाठीवर छापलं. काका चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. “बापाच्या नावानं दिलं होतं रे, धंद्यासाठी न्हाई,” एवढंच बोलले. पहिल्यांची फसवणूक झाली आणि दुसऱ्यांचा अपमान. दोन्हीचं मूळ तोच एक शब्द.

कोल्हापूरला निखळ देणगी नवी नाही. खाशाबा जाधवांच्या 1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. 1952 ला हेलसिंकीला जाताना पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर कुस्त्या भरवून, बक्षिसाच्या पैशांतून त्यांनी ते घर सोडवून दिलं, ही हकीकत इथल्या तालमीत आजही सांगितली जाते. पोरांसाठी मैदान भरवून पैसा उभा करणं ही आपल्या गावची जुनी रीत आहे. म्हणून तर तिचा हिशेब चोख असावा असं मला मनापासून वाटतं.

आता नेहमीची शंका: देणगीदाराचं नाव फ्लेक्सवर छापलं तर ती देणगी राहते का? राहते. जीएसटीच्या 11 ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकात हेच उलगडून सांगितलं आहे. संस्थेला दिलेल्या फळ्याखाली देणाऱ्याच्या शुभेच्छा आणि नाव लिहिलं, किंवा खोलीच्या दारावर ‘वडिलांच्या स्मरणार्थ’ म्हणून नाव कोरलं, तर ती कृतज्ञता. त्यात देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात नाही, म्हणून त्यावर कर नाही. त्याच जागी दुकानाचा पत्ता, ऑफर, लोगो आला की ती जाहिरात झाली. काकांचं नाव नेटजवळच्या पाटीवर शोभलं असतं. फोन नंबराने सगळं बिघडलं.

करांचं थोडक्यात सांगतो. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेला त्यासाठीची मान्यता लागते. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलमावरून तिला सगळे ‘80जी’ म्हणतात. अशा संस्थेला दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही जुन्या करपद्धतीत, आणि 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. मान्यता नसताना “80जी मिळंल की” असं सांगून पैसे घेऊ नयेत. प्रायोजकाला ही सवलत लागतच नाही, तो रक्कम जाहिरातखर्च म्हणून धंद्याच्या हिशेबात दाखवतो. मात्र प्रायोजकत्व ही सेवा आहे, तिच्यावर जीएसटी लागू शकतो. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि पैसे घेणारी संस्था ट्रस्ट असेल, तर कर भरायची जबाबदारी प्रायोजकावर येते. आणखी एक: क्रीडाप्रसारासारख्या लोकोपयोगी कामाच्या ट्रस्टची धंदेवाईक स्वरूपाची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या 20 टक्क्यांपुढे गेली, तर त्याची करमाफी धोक्यात येते. सगळेच बोर्ड विकून संघ चालवू बघणाऱ्यांनी सीएला आधी भेटावं.

उद्यमनगर किंवा एमआयडीसीतल्या कंपनीकडे जाताना तर हा फरक पाठच करून जावा. खेळाच्या प्रशिक्षणावरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, बसू शकतो. पण आपल्या मालाचा फायदा व्हावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरू नये, असं नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे एकाच पत्रात “सीएसआरमधून द्या, आम्ही तुमच्या मालाचा बोर्ड लावू” असं लिहिलं, तर समोरचा अधिकारी ते बाजूला ठेवणार. एकतर हे मागा, नाहीतर ते.

मिसळीचं कूपन या दोन्हींत बसत नाही. दीडशेचं कूपन घेणाऱ्याला कट, पाव, ताक मिळतं, म्हणजे ती विक्री. खर्च जाऊन उरतं ते संघाचं. त्याला देणगीची पावती देऊ नये. कूपन घेऊन “उरलेले पोरांना ठेवा” म्हणत कुणी पाचशेची नोट सरकवली, तर वरचे साडेतीनशे मात्र देणगी. तेवढ्याचीच पावती फाडायची. नोंदणी नसलेल्या मंडळाने दारोदार देणगी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची कलम 41क खालची परवानगी घ्यावी. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या कार्यकर्त्यांना ती माहीत असते, मात्र संघासाठी फिरताना तिचा विसर पडतो.

पोरांच्या बाबतीत मी प्रायोजकत्वाला दोन हद्दी घालतो. तंबाखूचं नाव कुठल्याही रूपात घ्यायचं नाही. 2003 च्या कायद्याने अशी जाहिरात आणि प्रायोजकत्व दोन्ही बंद आहेत, आणि कायदा नसता तरी तेरा वर्षांच्या पोराच्या छातीवर ते नको. दुसरं, पोरांचा फोटो प्रायोजकाच्या जाहिरातीत जाणार असेल तर आई-वडिलांची लेखी परवानगी घ्यायची. देणगीदार असं काही मागत नाही. मागायला लागला, तर तो प्रायोजक झाला असं समजून पुन्हा बोलणी करायची.

आता आम्ही फ्लेक्सवरून ‘सौजन्य’ काढून टाकलं आहे. डावीकडे ‘देणगीदार’, तिथे फक्त नावं, हवं असेल तर ‘यांच्या स्मरणार्थ’. उजवीकडे ‘प्रायोजक’, तिथे लोगो. पावतीपुस्तकंही दोन: देणगीचं पिवळं आणि प्रायोजकत्वाचं निळं. निळी पावती फाडण्याआधी एका पानाचं पत्र दोघांच्या सहीने होतं. बोर्ड कुठे, किती सामने, जर्सीवर किती इंच, पाऊस पडून सामना पुढे गेला तर काय, हे सगळं त्यात. पिवळ्या पावतीवर मात्र एकच प्रश्न विचारून लिहितो: नाव कुणाचं घालू?

गेल्या हंगामात काका पुन्हा आले. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, मी ते पिवळ्या पावतीवर लिहिलं, आणि नेटच्या खांबाला बारकी पितळी पाटी बसली. फोन नंबर नाही.