भंगारातला बोर्ड नेमका कशाचा?

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यात एखादी जुनी जिनिंग मोडीत निघाली, की मोटारी आणि तांबं आधी उचललं जातं. हिरवे सर्किट बोर्ड सगळ्यात शेवटी. नाव-गाव पुसलेलं, कागदपत्रं उंदरांनी कधीच फस्त केलेली. मग 'कॉम्प्युटरचा पार्ट' म्हणून तो बोर्ड किलोवर जातो. पण असा बोर्ड एकाच कामासाठी बांधलेला असतो, आणि ते काम शोधून काढता येतं.

नजर आधी जाते सगळ्यात मोठ्या चिपकडे, म्हणजे प्रोसेसरकडे. तिथे फार काही हाती लागत नाही. इंटेलची १९७६ची ८०८५ कॉलेजच्या किटमध्येही असायची आणि कारखान्यातही. त्यापेक्षा तारखा बघाव्यात. चिपवरच्या चार आकड्यांत बहुधा पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे: ८४३२ म्हणजे १९८४चा ३२वा आठवडा. घोळ होतो तो ८२५१पाशी. हा सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या, संदेशवहनाच्या एका चिपचा क्रमांकही आहे आणि १९८२चा ५१वा आठवडाही! अशा वेळी शेजारच्या चिपांना विचारायचं. बोर्डावरची सगळ्यात अलीकडची तारीख सापडली, की बोर्ड त्याआधी तयार झालेला नाही हे ठरतं. फक्त सॉकेटमधली चिप नंतर कुणी बदललेली असू शकते.

पत्र्याच्या छोट्या चकचकीत डबीत प्रोसेसरला ठोके देणारा क्रिस्टल असतो. त्यावर ६.१४४ मेगाहर्ट्‌झ असा अडनिडा आकडा का? ८०८५ तो निम्मा करते, सेकंदाला ३०,७२,००० ठोके. त्याला ३२०ने भागा, बरोबर ९६०० येतात, आणि सिरियल जोडणीचा हा एक ठरलेला वेग आहे. म्हणजे हा बोर्ड प्रिंटरशी किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राशी बोलत असावा.

खरी ओळख मात्र कडेला, वायरी जिथे येऊन मिळतात तिथे. जाड रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतील तर बोर्ड मोटारी चालू-बंद करायचा. एका कोपऱ्यात पत्र्याच्या झाकणाखाली अचूक अँप्लिफायर आणि चार वायरींची जोडणी असेल, तर माझा संशय थेट ट्रकच्या वजनकाट्यावर जातो. काट्याखालच्या लोड सेलला, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाला, दहा व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला तो साधारण २० मिलिव्होल्टच परत देतो. काटा ४० टनांचा आणि १० किलोपर्यंत वाचायचा असेल, तर ४००० पायऱ्या झाल्या. एका पायरीला अवघे ५ मायक्रोव्होल्ट. शेजारी जिनच्या मोटारी धडधडत असताना! म्हणून असे बोर्ड सिग्नल २० मिलिसेकंदांच्या पटीत साठवून मोजतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची, तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण आवर्तनाची बेरीज शून्य, त्यामुळे विजेची गुणगुण आपोआप वजा होते.

आकड्यांवरून काम ओळखायची ही रीत केवळ चिपांपुरती नाही. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९०१मध्ये वर आलेल्या अँटिकिथेरा या दातेरी चाकांच्या यंत्राचं एक चाक २२३ दात्यांचं आहे. २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. म्हणजे यंत्राचा एक भाग ग्रहणं सांगायचा.

वजनकाट्याच्या संशयावर शिक्कामोर्तब करू शकते ती ईप्रॉम, पाठीवर काचेची खिडकी असलेली चिप. प्रोग्रॅम तिच्यात असतो. तो रीडरवर वाचला, की मशीन कोडच्या गर्दीत कधी कधी छापायचे शब्द सरळ दिसतात: ग्रॉस, टेअर, नेट. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, निव्वळ कापूस. तिथे वाद संपतो. तोवर खिडकीवरचं स्टिकर काढू नका. अतिनील किरणांनी ही स्मृती पुसली जाते, थेट उन्हात साधारण आठवडाभरात. आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बोर्डाला लगेच वीजही जोडू नका. जुने कपॅसिटर फुटतात, बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाल्लेल्या असतात. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि वायरी कापायच्या आधी कुठली कुठे जात होती ते लिहून ठेवा.