मेंढा-लेखा : गाव एकत्र निर्णय घ्यायला कसं शिकलं, त्याची पार्श्वभूमी

मेंढा-लेखाचं नाव निघालं की लोक थेट २००९ वर येतात, म्हणजे वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तिथे. पण गाव एक कसं झालं हे समजून घ्यायचं तर त्याच्या कितीतरी आधीपासून बघायला लागतं, आणि खरं सांगायचं तर मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं हे छोटंसं गोंड आदिवासींचं गाव. इथलं जंगल पूर्वी जमीनदारीत होतं, १९५० नंतर जमीनदारी गेली आणि जंगल सरकारकडे आलं. लोकांना घरापुरतं लाकूड, गवत, बांबू घ्यायचे निस्तार हक्क होते, पण ते कागदावरच आणि हळूहळू तेही आटत गेले, उलट बांबूचं कंत्राट मात्र कागद कारखान्याला.

मग ८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन धरणांचा विषय आला. गोदावरी आणि इंद्रावतीवरच्या या धरणांत जंगल आणि गावं बुडणार होती म्हणून आदिवासी नेते लालश्यामशहा, बाबा आमटे अशा लोकांनी 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभं केलं. मेंढा-लेखाचे लोकही त्यात होते. धरणं झाली नाहीत, पण मोर्चा संपून घरी आल्यावर पुढे काय हा प्रश्न उरतोच ना, बहुतेक ठिकाणी इथेच सगळं विरघळतं. इथे तसं झालं नाही. मोहन हिराबाई हिरालाल (जेपींच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले, विनोबांचा विचार मानणारे) एकत्र निर्णय घेऊ पाहणाऱ्या एखाद्या गावाच्या शोधातच होते, आणि गावात देवाजी तोफांसारखी माणसं होती.

त्याच काळात गावाने घोटुल (गोंडांचं तरुणांनी एकत्र जमायचं सामुदायिक घर) बांधायला जंगलातून लाकूड आणलं, वनविभागाने ते जप्त केलं, तर गावाने पुन्हा उभारलं आणि आजूबाजूच्या गावांनीही साथ दिली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच काळातली.

आता खरी गोष्ट. ग्रामसभेत बहुमताने ठरवायचं नाही, सर्वसहमतीनेच, एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबवायचा आणि पुन्हा बोलायचं, आणि सोबत एक अभ्यासगट, जिथे निर्णय घ्यायचा नसतो, नुसती चर्चा करायची, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवून विचारायचं. ऐकायला हे फार संथ वाटतं आणि आहेच संथ. दारूबंदीचंच घ्या, विषय बायकांनी लावून धरला, पण पूजेला दारू लागते त्याचं काय यावर बोलणं चालूच राहिलं, शेवटी पूजेपुरती सूट ठेवून सगळ्यांनी मिळून ठरवलं. मतदान घेतलं असतं तर एका संध्याकाळी झालं असतं, पण हरलेल्यांनी ते पाळलं असतं का? माझ्या मते गावाची ताकद इथेच आहे, कारण सगळ्यांनी होय म्हटलेलं असलं की पुढे कुणाला फोडणं अवघड जातं.

हे सगळं हाताशी होतं म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गाव तयार होतं. हक्क मिळाला तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनविभाग देईना, बांबू झाड की गवत हाच वाद (झाड म्हटलं की ते लाकूड, म्हणजे वनविभागाचं). कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या ज्या वस्तूंवर गावाचा हक्क असतो त्यांत, स्पष्ट लिहिलेला, तरीही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं.

२०१३ मध्ये तर गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ खाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावाने करायचं ठरवलं. कसणारा तोच राहतो, पण जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. स्वतःच्या सातबाऱ्याबद्दल असं ठरवायला किती विश्वास लागत असेल हे शेतकरी घरातल्या माणसाला सांगायला नको.

नंतर जिल्ह्यात इतर गावांनाही सामूहिक वनहक्क मिळाले, काही ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतःच विकायला लागल्या, आणि कोरची तालुक्यात तर अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे.