ह्युमिक जितकं काळं, तितकं जोरदार?

"पाण्यात टाकताच डांबरासारखं काळं झालं, की ह्युमिक एक नंबर." वाळवा-मिरजेकडं ऊस आणि द्राक्षाच्या गटांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ह्युमिक म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून मिळणारं, जमीन सुधारायला देतात ते अ‍ॅसिड. खरं ह्युमिक काळंच असतं, त्यामुळं तसं वाटणं साहजिक आहे. पण मळी, रंग किंवा कोळशाची भुकटीही पाणी काळं करते. रंगावरून एवढंच कळतं की पाणी काळं झालं.

पारख आम्लात होते. ह्युमिक अल्कलीत विरघळतं, तीव्र आम्लात साका धरतं. काचेच्या ग्लासात चिमूटभर पावडर ढवळा, तासभर ठेवा. तळाशी काळी रेव बसली तर तो न विरघळणारा भाग. वरचं पाणी दुसऱ्या ग्लासात ओता, त्यात फरशी धुण्याच्या बिनरंगी अ‍ॅसिडचे थोडे थेंब सोडा (हातमोजे घालून, उघड्यावर, पोरं लांब ठेवून). खऱ्या ह्युमिकचे तपकिरी गुठळे होऊन काही तासांत खाली बसतात, वर फिकट पिवळसर पाणी उरतं. तो बहुतेक फुल्विक, म्हणजे ह्युमिकसोबतचा, आम्लातही विरघळलेला राहणारा भाग. पाणी तसंच काळं राहिलं, तर मळी किंवा रंगाचा संशय घ्या. ही ढोबळ चाचणी, नेमकी टक्केवारी प्रयोगशाळेतच.

पिशवीवरच्या "98%" लाही भुलू नका. तो आकडा बऱ्याचदा पोटॅशियम ह्युमेटचा (ह्युमिकच्या पोटॅशयुक्त क्षाराचा) किंवा विद्राव्यतेचा, म्हणजे पाण्यात किती विरघळतं त्याचा असतो. कोरड्या वजनावर ह्युमिक अ‍ॅसिड किती, हे दुकानदाराला विचारा. आणि हे खत नव्हे. युरिया-पोटॅशची मात्रा त्याच्या भरवशावर बंद करू नका. ड्रिपच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटसोबत तर मिसळूच नका, गाळ होऊन ड्रिपर चोंदतात.