सीपीटी की ओपीटी? अमेरिकेत फॅशन शिकणाऱ्यांनी आधी विचारायचा प्रश्न

मुलगी न्यूयॉर्कला फॅशन डिझाइन शिकतेय आणि तिला एका डिझायनरकडे इंटर्नशिप मिळाली, अशी बातमी पार्ल्याच्या घरी आली की पहिली विचारणा पैशांची होते. देतात का काही? किती? त्याच्याही आधी विचारायला हवं ते असं, की ही इंटर्नशिप सीपीटीवर (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग) आहे की ओपीटीवर (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग)? पैसे, तास, तारखा आणि पुढचं सगळं वर्ष त्या उत्तरावर ठरतं. मुंबईतले पालकच नव्हे, तिकडे दोन सत्रं काढलेली मुलंसुद्धा हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

गोंधळ होतो, कारण कामाच्या या दोन्ही परवानग्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसाशीच जोडलेल्या आहेत, दोन्हीत काम शिकलेल्या विषयातलंच असावं लागतं आणि स्टुडिओत टेबलाशी उभं राहून मसलिनवर पिना लावताना कोण कशावर आलंय ते दिसत नाही. फरक कागदात आहे. सीपीटी हा अभ्यासक्रमाचाच तुकडा असतो आणि तो कॉलेज देतं. ओपीटी ही विषयाशी निगडित पण अभ्यासक्रमाबाहेरची मुभा, आणि ती अमेरिकेचं इमिग्रेशन खातं देतं. ओपीटी पदवीआधीही घेता येते, पण जवळजवळ सगळे ती पदवीनंतरसाठी राखून ठेवतात. इथेही मी पदवीनंतरच्याच ओपीटीबद्दल बोलतोय.

सीपीटीसाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात काम पहिल्यापासूनच सक्तीचं असतं, तिथे तेवढी सवलत. हातात ऑफर लेटर पाहिजे. ते घेऊन कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कचेरीतल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्याला डीएसओ म्हणतात त्याच्याकडे जायचं. तो नवीन आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, काढून देतो. त्यावर कंपनीचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि काम पूर्णवेळ की अर्धवेळ हे छापलेलं असतं. सरकारी फी नाही, महिनोन्‌महिने थांबणं नाही. पण परवानगी त्या एका कंपनीपुरती आणि त्या तारखांपुरतीच. मधेच दुसऱ्या स्टुडिओने बोलावलं तर पुन्हा नवा कागद.

ओपीटीसाठी ऑफर लागत नाही. डीएसओने शिफारस केली की इमिग्रेशन खात्याकडे आय-७६५ हा अर्ज आणि काही शे डॉलर फी भरायची, मग थांबायचं. मंजूर झालं की ईएडी नावाचं फोटोवालं कार्ड येतं. त्यावर मालकाचं नाव नसतं. सहा महिने एका ब्रँडकडे, मग दुसरीकडे, मधल्या काळात दोघातिघांची फ्रीलान्स कामं, असं सगळं चालतं. अट एवढीच, की काम आपल्या विषयातलं आणि आठवड्याला किमान २० तासांचं असावं. फॅशनमध्ये निम्मं जग फ्रीलान्सवर चालतं, त्यामुळे ही मोकळीक फार मोलाची.

आता २० या आकड्याकडे नीट पाहा, कारण तो दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे उलटा आहे. ओपीटीत २० तास हा तळ आहे. सत्र चालू असताना मिळणाऱ्या अर्धवेळ सीपीटीत २० तास हे छत आहे. न्यूयॉर्क फॅशन वीक फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये होतो, आणि दोन्ही वेळा कॉलेज चालू असतं. शोच्या आधीच्या आठवड्यात स्टुडिओत कोणी घड्याळ बघत नाही. फिटिंग, शेवटच्या क्षणी बदललेले हेम, मॉडेल बदलली म्हणून पुन्हा बसवलेली बाही, हे सगळं मध्यरात्रीपर्यंत चालतं. तिथल्या सीनिअर डिझायनरला तुमच्या व्हिसाची काळजी असेलच असं नाही. "आज जरा थांबशील का?" याला नाही म्हणणं आपल्या मुलांना जड जातं; मोठ्यांनी सांगितलं की करायचं, ही सवय. पण अर्धवेळ परवानगी असताना त्या आठवड्यात ३५ तास भरले, तर कायद्याच्या नजरेत ते विनापरवाना काम. माझ्या मते स्टुडिओला हे पहिल्याच दिवशी लेखी कळवावं. शोच्या आठवड्यात सांगायला गेलात तर ते कुरकुर वाटतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्णवेळ सीपीटी मिळू शकते. तिथे नियम असा, की एकाच पदवीच्या काळात पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त भरली की त्या पदवीवरची ओपीटी गेली, सगळीच. ११ महिने केली तर ओपीटीतून एक दिवसही कापला जात नाही. अर्धवेळ सीपीटी तर यात धरतच नाहीत. म्हणजे दोन उन्हाळे आणि एखादं सत्र असं काम करूनही पुढचं वर्ष शाबूत राहतं. सीपीटी केली की ओपीटी कमी होते, ही ऐकीव गोष्ट अशीच मनातून काढून टाका.

ते पुढचं वर्ष जपायचं कारण फॅशनवाल्यांना इतरांपेक्षा जास्त आहे. सामान्य ओपीटी १२ महिन्यांची. सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान यादीतली पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळतात. फॅशन डिझाइन त्या यादीत नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल करून तिकडे टेक्स्टाइल इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला एकूण ३६ महिने मिळू शकतात. जुहूच्या एसएनडीटीतून किंवा खारघरच्या निफ्टमधून फॅशन डिझाइनला गेलेल्या मुलीला १२. दोघं एकाच कापडाबद्दल बोलत असतील, तरी आय-ट्वेंटीवर छापलेला अभ्यासक्रमाचा कोड वेगळा. प्रवेश घेण्याआधी तो कोड विचारून घ्या; कॉलेजच्या पत्रकात तो सहसा ठळक दिलेला नसतो.

पैशांकडे येऊ. बिनपगारी इंटर्नशिपचा फॅशनइतका सोस क्वचितच दुसऱ्या धंद्यात असेल. अमेरिकेचं कामगार खातं २०१८ पासून अशा इंटर्नशिपकडे पाहताना मुख्य फायदा कोणाचा, शिकणाऱ्याचा की मालकाचा, ही कसोटी लावतं. शिकणं खरंच होत असेल तर पगार नसला तरी चालू शकतं. सीपीटीत मात्र गंमत अशी, की अनेक ठिकाणी ती क्रेडिटच्या विषयाशी जोडलेली असते आणि त्या क्रेडिटची फी तुम्हीच भरता. म्हणजे कर्ज काढून फी भरायची, वर फुकट राबायचं. तरीही बिनपगारी काम करायचंच असेल तर ते सीपीटीत करावं असं माझं मत आहे, कारण तेव्हा तुम्ही विद्यार्थी असता, चुकलात तरी कॉलेज पाठीशी असतं आणि शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनला उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागतं. सेव्हन्थ ॲव्हेन्यूच्या गार्मेंट डिस्ट्रिक्टमध्ये दिवसभर स्वॉच (कापडाचे नमुने), झिप आणि बटणं गोळा करत फिरणं हे कंटाळवाणं वाटतं खरं. पण मंगळदास मार्केट आणि भुलेश्वर पायाखालून घातलेल्या मुलीला ते लवकर जमतं, आणि कोणता माल कुठे मिळतो हे ज्ञान तिथेही विकलं जातं. ओपीटीचे १२ महिने मात्र टेकपॅक (कपडा कसा शिवायचा हे फॅक्टरीला सांगणारे कागद), पॅटर्न, फॅक्टरीशी पत्रव्यवहार अशा पगारी कामासाठी ठेवावेत.

पगार सुरू झाला की पहिली पावती तपासा. एफ-वनवर आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे कर लागत नाहीत. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. छोट्या स्टुडिओचा हिशेबनीस ते सवयीने कापतो. हे सीपीटी आणि ओपीटी दोन्हीत सारखंच.

ओपीटीच्या तारखांचं गणित आधीच मांडावं लागतं. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो आणि कामाची सुरुवातीची तारीख त्या ६० दिवसांतलीच निवडायची असते. त्या तारखेपासून बेकारीचे दिवस मोजले जातात आणि ते एकूण ९० च्या वर गेलेले चालत नाहीत. अभ्यासक्रम मेच्या मध्याला संपला आणि घाईने १ जून ही तारीख टाकली, तर काम न मिळाल्यास ऑगस्टअखेर मुदत संपते, म्हणजे सप्टेंबरच्या शोसाठी हात हवे असतात नेमके त्याच्या आधी. जुलैच्या मध्याची तारीख घेतली तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत श्वास मिळतो.

आणि अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा. पदवीदान झालं, आंब्याचा सीझन आहे, भावाचं लग्न आहे, म्हणून मुंबईला येऊन इथून अर्ज करू असं चालत नाही. अर्ज करून आलात आणि तो मंजूर व्हायचा असेल, तर परत जाताना विमानतळावर प्रश्नांची तयारी ठेवा. कार्ड हातात, व्हिसा चालू, आय-ट्वेंटीवर डीएसओची ताजी सही आणि ऑफर लेटर, एवढं असल्यावर जाणं त्यातल्या त्यात सुरक्षित.

ओपीटी संपल्यावर ६० दिवसांत पुढचं ठरवावं लागतं. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर अवलंबून, आणि हे पद विशेष शिक्षणाचंच आहे हे डिझायनरच्या मालकाने इमिग्रेशन खात्याला पटवून द्यावं लागतं. त्याच व्हिसात नामवंत फॅशन मॉडेलसाठी वेगळा प्रकार आहे, त्याला पदवीची अट नाही. कपडे घालणारीला एक दार, शिवणारीला दुसरं! काही डिझायनर ओ-वन या असामान्य कर्तबगारीच्या व्हिसाकडे वळतात. त्यासाठी नाव झालेलं असावं लागतं, छापून आलेलं काम दाखवावं लागतं.

इथेच शिकत असलेल्या आणि फक्त इंटर्नशिपपुरतं जाऊ पाहणाऱ्यांना मात्र सीपीटीही नाही आणि ओपीटीही नाही. त्यांच्यासाठी जे-वन इंटर्न या वेगळ्या व्हिसाचा मार्ग आहे: कॉलेजात शिकत असताना किंवा पदवीनंतर १२ महिन्यांच्या आत, जास्तीत जास्त १२ महिन्यांसाठी. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था लागते आणि काय शिकवणार याचा लेखी आराखडा डीएस-७००२ या फॉर्मवर भरावा लागतो. पर्यटक व्हिसावर जाऊन "नुसती मदत करते" म्हणत स्टुडिओत बसण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सल्ला देणाऱ्यालाच बीकेसीच्या वाणिज्य दूतावासासमोरच्या रांगेत उभं करावं.