ध्येयपूर्तीनंतरची पोकळी

दीर्घकाळ मनाशी धरलेले वैयक्तिक उद्दिष्ट साध्य झाल्यावर समाधानाऐवजी, किंवा अल्पकाळच्या समाधानानंतर, जाणवणारा रितेपणा. आजारांच्या वर्गीकरणात याची स्वतंत्र नोंद नाही. मराठवाड्यात या अवस्थेला खास नाव नसून नुसते ‘करमत नाही’ असे म्हटले जाते. ते ‘पोकळी’पेक्षा अधिक नेमके मानावे लागेल, कारण त्यात दुःखाची नव्हे, तर मन कशातच लागत नसल्याची तक्रार आहे.

मुक्काम गाठला की सुख कायमचे हाती येईल, या समजाला मानसशास्त्राचे अध्यापक व लेखक ताल बेन-शहार यांनी एक भ्रम मानले. त्याआधी १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्पबेल यांनी ट्रेडमिलची, म्हणजे जागच्या जागी धावायच्या यंत्राची, उपमा वापरून, माणूस नव्या सुखाला लवकर सरावतो, असे मांडले. १९७८ मध्ये ब्रिकमन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची तुलना इतरांशी केली, तेव्हा विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी दिसला. नमुना लहान असल्याने या अभ्यासावर फार भार टाकू नये. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत, बक्षीस अपेक्षेप्रमाणेच मिळाले तर मेंदूतील डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशी विशेष प्रतिसाद देत नाहीत, तो प्रतिसाद त्या बक्षिसाच्या पूर्वसूचनेला देतात, असे दिसले. नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर आलेल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितले आहे.

मराठवाड्यात ही अवस्था सर्वाधिक दिसते ती स्पर्धा परीक्षा आणि वैद्यकीय प्रवेशाच्या भोवती. लातूरमधील शिकवण्या किंवा छत्रपती संभाजीनगरमधील अभ्यासिका येथे काढलेल्या वर्षांत दिवसाला घट्ट आकार आलेला असतो : पहाटेचा गजर, भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक, मेसचा डबा, ठरलेली खुर्ची आणि रात्री दहाचा चहा. पोस्ट निघाल्यावर, म्हणजे पदासाठी निवड झाल्यावर, गावात गुलाल उधळला जातो, फेटा बांधून सत्कार होतो, चौकात फलक लागतो. आठवड्याभराने मात्र तोच तरुण गजर नसतानाही पाच वाजता जागा होतो आणि उठून करायचे काय, हे त्याला सुचत नाही. निकाल आणि नियुक्तीपत्र यांच्यामधले रिकामे महिने ही स्थिती लांबवतात. ध्येय खोटे ठरले, असा अर्थ यातून सहसा काढला जातो; प्रस्तुत लेखकाच्या मते बहुधा हरवलेली असते ती दिनचर्या आणि सोबत. लेकीचे लग्न पार पडल्यावर मांडव उतरवताना घराला येणारे सुनेपण याच जातीचे आहे.

वारकरी परंपरेत पोहोचण्याची मांडणीच वेगळी आहे. पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी आषाढीला पंढरपुरात पोहोचते आणि पौर्णिमेच्या काल्यानंतर परत फिरते. वारी हा नेम असल्याने दर्शनाने ती संपत नाही. पुढच्या वर्षीची वारी गृहीतच असते. परीक्षेला अशी परतवाट नसते.

ही भावना बहुधा काही आठवड्यांत, नवे काम अंगवळणी पडल्यावर ओसरते. मात्र उदासी किंवा निरिच्छता दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज राहिली, झोप व भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. अडचण बोलण्याची असते. ज्या घराने शेत गहाण टाकून शिकवले, त्या घरात ‘नोकरी लागली, आता काय झालं तुला?’ या प्रश्नाला उत्तर देणे कठीण जाते, आणि म्हणून पुष्कळ जण गावाकडे येणेच कमी करतात.